निवृत्त शिक्षकांनी मोबाइलवरून शाळेसाठी देणगी कशी गोळा करावी: खात्यापासून हिशेबापर्यंत

गुरुजींनी किंवा बाईंनी हाक मारली की माजी विद्यार्थी पैसे देतात. मग शाळेच्या वाचनालयासाठी किंवा गळक्या छपरासाठी मदत हवी असते तेव्हा घाईघाईत स्वतःच्याच फोनमधला क्यूआर ग्रुपवर टाकला जातो. पेन्शनच्या खात्यात वर्गणी मिसळते, पावत्या द्यायच्या राहतात, कोणी किती दिले ते महिन्याभराने सांगता येत नाही, आणि चाळीस वर्षं जपलेल्या नावाबद्दल कुजबुज सुरू होते. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. आधी कागद, मग खातं, मग फोन, मग वही आणि सगळ्यात शेवटी आवाहन. हा क्रम उलटा करू नका.

पायरी १: पैसे कोणाच्या नावाने येणार ते ठरवा

स्वतःच्या बचत खात्यावर एकही रुपया घ्यायचा नाही, हे आधी पक्कं करा. "मला सगळे ओळखतात" हे कारण पुरेसं नाही. खात्यात आलेल्या रकमेबद्दल आयकर खात्याने विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. उद्या तुमचं काही बरं-वाईट झालं तर तो पैसा वारसांच्या हिशेबात अडकेल. मग कोणाच्या नावाने घ्यायचे?

शाळा चालवणारी संस्था नोंदणीकृत असेल तर संस्थेच्या खात्यावर. त्याआधी कार्यकारिणीचा ठराव करून घ्या: कशासाठी निधी, अंदाजे किती, कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेपर्यंत आणि आवाहनाची जबाबदारी कोणाची. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत आपल्या फायलीत ठेवा.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोला. लोकवर्गणी समितीच्या खात्यातच जमा व्हावी आणि समितीच्या इतिवृत्तात तिची नोंद असावी. वस्तूच द्यायची असेल, म्हणजे संगणक किंवा बाकं, तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेची मागणी नोंदवता येते. तिथे रोख रकमेचा प्रश्नच येत नाही.

'९४ ची बॅच' असा नोंदणी नसलेला गट असेल तर जपून. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही. त्यापेक्षा बॅचने थेट संस्थेच्या खात्यात पैसे भरणं सोपं, आणि माझ्या मते तेच योग्य.

एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या उपचारासाठी मदत असेल तर मधे कोणीच पडू नये. रुग्णालयाचा खाते क्रमांक आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक घेऊन पैसे परस्पर तिथे जाऊ द्या.

> तपासा: ठरावाची प्रत हातात आहे का? नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. "सचिवांनी फोनवर हो म्हटलंय" म्हणजे ठराव नव्हे.

पायरी २: बँकेत स्वतः जाऊन करायची कामं

संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन आणि ठराव घेऊन कोषाध्यक्षांसोबत शाखेत जा. तीन गोष्टी मागा.

१. संस्थेच्या नावाचा क्यूआर. स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचं नाव उमटलं पाहिजे, अध्यक्षांचं किंवा त्यांच्या मुलाचं नाही.

२. जमा झाल्याचे मेसेज कोणत्या मोबाइलवर जातात याची माहिती. बरेचदा तिथे आठ-दहा वर्षांपूर्वीच्या कोषाध्यक्षांचा नंबर निघतो, आणि मेसेज भलत्याच माणसाला जात असतात. नंबर बदलून घ्या.

३. खात्याचा उतारा तुम्हाला कसा मिळेल याची सोय. पैसे काढण्याचा अधिकार तुम्हाला नकोच. फक्त पाहण्याची परवानगी मिळाली तर उत्तम, नाहीतर कोषाध्यक्षांनी दर संध्याकाळी उतारा पाठवावा. खर्चाच्या चेकवर संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या हव्यात.

क्यूआर मिळाल्यावर घरच्या कोणाच्या फोनवरून १ रुपया पाठवून पाहा आणि तो उताऱ्यात दिसेपर्यंत थांबा.

पायरी ३: फोन तयार करा

नवा फोन बहुधा मुलगा किंवा नात लावून देते. आवाहनाचं काम हाती घेण्याआधी तो एकदा स्वतः, कोणाचंही बोट न धरता, सुरुवातीपासून पाहून घ्या. नात पुण्याला परत गेली आणि पासवर्ड तिच्याच डोक्यात राहिला तर सगळं काम अडतं. ईमेलचा पासवर्ड घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. यूपीआयचा पिन मात्र कुठेही लिहायचा नाही.

अक्षर मोठं करा. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन फॉन्टचा आकार वाढवा, पण सगळ्यात मोठ्यावर नेऊ नका. काही अ‍ॅपमध्ये त्यामुळे खालची बटणं पडद्याबाहेर जातात. बरोबर आकार शोधण्याची एक सोपी रीत आहे: बँकेचा जमेचा मेसेज उघडायचा आणि चष्मा लावून रकमेतली शून्यं एका नजरेत मोजता येतात का ते पाहायचं. ५०० आणि ५००० मधला घोळ इथेच होतो.

व्हॉट्सअ‍ॅपला दुसरं कुलूप लावा. सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन ठेवा; जन्मतारीख किंवा निवृत्तीचं साल नको. व्हॉट्सअ‍ॅपमध्येच लिंक्ड डिव्हायसेस, म्हणजे तुमचं खातं आणखी कुठे उघडलेलं आहे त्याची यादी, उघडून पाहा. तिथे अनोळखी संगणक दिसला तर तत्काळ लॉग आउट करा. शिक्षकाचं खातं ताब्यात आलं की त्याच्या शेकडो विद्यार्थ्यांकडे पैसे मागता येतात, म्हणून चोरांना ते हवंच असतं.

पेन्शन ज्या नंबराशी जोडलेली आहे तो आवाहनात देऊ नका. या कामासाठी वेगळं सिम घ्या. आवाहन एकदा फिरलं की तुमचा नंबर कुठवर जाईल याचा भरवसा नसतो.

> सावधान: 'लग्नपत्रिका' किंवा 'चलान' अशा नावाची, शेवटी एपीके लिहिलेली (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल कोणीही पाठवली तरी उघडू नका, ओळखीच्याने पाठवली तरीही. कुरिअर आलंय म्हणून *४०१* ने सुरू होणारा कोड दाबायला सांगितलं तर दाबू नका. तुमचे फोन दुसरीकडे वळवले जातात. व्हिडिओ कॉलवर पोलीस कोणालाही अटक करत नाहीत. असा कॉल आला तर ठेवून द्या आणि घरच्यांना सांगा.

पायरी ४: वही, पावती आणि रंगीत तालीम

इथे वेळ द्या. पुढचा सगळा मनस्ताप इथे वाचतो.

गूगल शीटमध्ये नोंदवही करा. सवय नसेल तर आखीव रजिस्टरही चालेल. रकाने असे: पावती क्रमांक, तारीख, देणगीदाराचं पूर्ण नाव, शाळेतलं नाव, दहावीचं वर्ष, रक्कम, कशाने दिली, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, पॅन, मोबाइल, पावती पाठवल्याची तारीख.

'शाळेतलं नाव' हा रकाना गाळू नका. बाईंना आठवते ती कुलकर्णी, पॅनवर असते जाधव, आणि पैसे आलेले असतात तिच्या नवऱ्याच्या खात्यातून. तिन्ही नावं एकाच माणसाशी जोडणारी नोंद नसेल तर पावती चुकीच्या नावाने फाटते. करसवलत हवी असेल तर ज्यांच्या खात्यातून पैसे आले त्यांच्याच नावाने पावती द्यायची. हे देणगीदाराला आधीच विचारा.

बोलून टाइप करण्याची सोय मराठीत चांगली चालते, नावं भरताना बोटांचे कष्ट वाचतात. पण आडनावं ती आपल्या मनाने बदलते, म्हणून प्रत्येक नाव वाचून मगच पुढे जा. रक्कम मात्र इंग्रजी आकड्यांतच टाका. देवनागरी आकडे शीटला मजकूर वाटू शकतात आणि बेरजेतून गळतात. रक्कम दिसते, बेरीज जुळत नाही, आणि चूक सापडता सापडत नाही.

पावती संस्थेच्या छापील पुस्तकातलीच. तिच्यावर संस्थेचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पॅन आणि अनुक्रमांक हवा. पावती फाडा, सही घ्या, मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा आणि देणगीदाराला पाठवा. फोटो खिडकीजवळ काढा. ट्यूबलाइटखाली हाताची सावली नेमकी रकमेवर पडते. रद्द झालेली पावती फाडून फेकू नका, दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवा.

मग रंगीत तालीम. दोन सहकाऱ्यांना खरोखर ५१ रुपये पाठवायला सांगा. पैसे आले, उताऱ्यात दिसले, वहीत चढले, पावती गेली. ही साखळी कुठे तुटते ते आवाहनाआधीच कळेल.

पायरी ५: दोन प्रश्नांची उत्तरं आधी तयार ठेवा

पहिला प्रश्न: "सर, ८०जी मिळेल का?" ८०जी म्हणजे देणगीवर मिळणारी आयकर सवलत. संस्थेकडे तिची मान्यता असेल तरच हो म्हणा. २००० रुपयांहून जास्त रोख दिली तर त्या देणगीवर सवलत मिळत नाही. वस्तूरूपात दिलेल्या देणगीवर मिळत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांनाही मिळत नाही. फक्त पावतीने काम होत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्थेने ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरायचं आणि तिथून निघालेलं प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं असतं. विवरण उशिरा भरल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. या विवरणासाठी देणगीदाराचं पॅन लागतं, म्हणून ते सुरुवातीलाच घ्या. मार्चनंतर माणसं सापडत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पावतीवर कोणता मजकूर छापायचा ते संस्थेच्या सीएंना विचारून घ्या.

दुसरा प्रश्न अमेरिकेतून किंवा दुबईहून येतो: "बाई, मी इथून पाठवू का?" इथे फार जण चुकतात. भारतीय नागरिकत्व कायम असलेला विद्यार्थी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने परदेशाचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर मात्र ती परदेशी देणगी होते, मग तो आपल्या गावचा असो वा तुमच्या वर्गातला. तिथे ओसीआय कार्डाचाही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा) उपयोग नाही. अशी देणगी फक्त परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच. "भावाच्या खात्यात टाकतो, तो तुम्हाला देईल" ही पळवाट स्वीकारू नका. विचारायला संकोच वाटतो, पण विचारा: "तुझा पासपोर्ट भारताचाच आहे ना?" पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत फायलीला लावा.

> तपासा: खर्चाचं दरपत्रक, संस्थेचा क्यूआर, पावती पुस्तक, चालू नोंदवही आणि या दोन उत्तरांचा कागद. पाचही तयार असतील तरच आवाहन.

पायरी ६: आवाहन लिहा आणि पाठवा

लांबलचक पत्र नको. लोक पहिल्या चार ओळी वाचतात. नमुना असा:

"नमस्कार. आपल्या शाळेच्या वाचनालयासाठी चार कपाटं, दोन टेबलं आणि पुस्तकं घ्यायची आहेत. अंदाजे खर्च १,८०,००० रुपये. दरपत्रक सोबत आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी सोबतच्या क्यूआरवर रक्कम पाठवावी. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर संस्थेचंच नाव दिसतंय ना, ते पाहावं. नोटमध्ये आपलं नाव आणि दहावीचं वर्ष लिहावं. पावती सात दिवसांत मिळेल. मुदत ३१ ऑगस्ट. माझा नंबर हा एकच आहे. दुसऱ्या नंबरवरून माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका, मला फोन करा."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. गुरुजींचा फोटो लावून दुसऱ्याच नंबरवरून "तातडीने पाठव" असे मेसेज करणारे भामटे असतात, आणि शिक्षकाला नाही म्हणायला विद्यार्थ्याची जीभ रेटत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय, एका वेळी २५६ जणांपर्यंतच जाते, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच मेसेज मिळतो. नवं सिम घेतलंत तर आधी "हा नंबर सेव्ह करा" असं जुन्या नंबरवरून कळवा. नाहीतर कोणाचंच उत्तर येणार नाही आणि मुलं विसरली असं तुम्हाला उगाच वाटेल.

ग्रुपवर रकमांची यादी टाकू नका, असं माझं ठाम मत आहे. ५१ देणारा आणि ५१ हजार देणारा एकाच बाकावर बसलेले असतात. नावं अकारविल्हे टाका, रकमेशिवाय. एकूण आकडा वेगळा द्या. ज्याचं नाव यादीत नाही त्याला फोन करून आठवणही देऊ नका. तुमच्या एका फोनवर तो कर्ज काढूनही देईल.

पायरी ७: रोज संध्याकाळी एक तास

दिवसभर फोन हातात घेऊन बसू नका. डोळे शिणतात आणि चुका होतात. संध्याकाळी ठरलेल्या वेळी टेबलाशी बसा. चष्मा, रजिस्टर, पावती पुस्तक, चार्ज केलेला फोन. काम या क्रमाने करा:

१. बँकेचा उतारा उघडा. स्क्रीनशॉट पाहून नोंद करायची नाही. स्क्रीनशॉट बनवता येतो, आणि खरा असला तरी व्यवहार अडकलेला असू शकतो.

२. उताऱ्यातल्या प्रत्येक जमेपुढे नाव लावा. नोट नसेल तर वहीत 'निनावी, चौकशी चालू' असं लिहा आणि ग्रुपवर रक्कम न सांगता विचारा: "काल दुपारी कोणी पैसे पाठवले?" जो रक्कम आणि संदर्भ क्रमांक बरोबर सांगेल त्याचीच पावती.

३. पावत्या फाडा, फोटो पाठवा, तारीख लिहा.

४. वहीतली बेरीज आणि उताऱ्यातली जमा जुळवा. एका रुपयाचा फरक असला तरी त्याच दिवशी शोधा.

रोख आली तर दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. रोखीतून परस्पर चहापाणी किंवा रिक्षाभाडं काढू नका, नंतर भरणार असलात तरीही. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे.

> सावधान: "सर, चुकून ५०० ऐवजी ५००० गेले, ४५०० परत करा ना" असा फोन आला तर लगेच परत पाठवू नका. सोबत आलेला जमेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही. उतारा पाहा. पैसे खरंच आले असतील तर संस्थेने अर्ज घेऊन, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. तत्काळ १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

माजी विद्यार्थी मेळाव्यात क्यूआरचा फलक लावणार असाल तर चकचकीत लॅमिनेशन टाळा, उन्हात स्कॅन होत नाही. कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि जेवणाच्या सुट्टीत तो स्वतः स्कॅन करून नाव पाहा. वर दुसरं स्टिकर चिकटवलं तर लांबून कळत नाही.

पायरी ८: खर्च आणि हिशेब

खरेदी संस्थेच्या नावाच्या बिलावर, आणि पैसे दुकानदाराच्या खात्यात. कपाटं आली की प्रत्येकाचा फोटो, बिल आणि साठा नोंदवहीतली नोंद एकत्र ठेवा. मुदत संपल्यावर पंधरा दिवसांत एका पानाचा हिशेब पाठवा: एकूण जमा, बाबनिहाय खर्च, शिल्लक. त्यावर कोषाध्यक्षांची सही हवी, फक्त तुमची नको.

शिल्लक उरली तर ती कुठे वापरायची हे तुम्ही परस्पर ठरवू नका. वाचनालयासाठी मागितलेल्या पैशातून कंपाउंडची भिंत बांधली तर काम चांगलं असूनही लोक दुखावतात. आधी देणगीदारांना कळवा, मग कार्यकारिणीचा ठराव करा.

पायरी ९: काम बंद करा

मुदतीनंतरही जुना मेसेज फिरत राहतो आणि सहा महिन्यांनी पैसे येतात. त्यासाठी ग्रुपवर "निधी संकलन संपलं" असं स्पष्ट लिहा आणि तो मेसेज पिन करा. क्यूआर फक्त याच कामासाठी घेतला असेल तर बँकेत सांगून बंद करा. उशिरा आलेल्या पैशाचीही पावती द्या.

शीटची मालकी संस्थेच्या ईमेलकडे सोपवा आणि एक छापील प्रत सहीसह फायलीत लावा. पावती पुस्तकं, वापरलेली आणि कोरी दोन्ही, मोजून परत करा आणि पोच घ्या. देणगीदारांच्या पॅनचे आणि पासपोर्टचे फोटो संस्थेच्या फायलीत गेल्याची खात्री झाली की आपल्या फोनच्या गॅलरीतून पुसा, गॅलरीच्या कचरापेटीतूनही. नवं सिम बंद करणार असाल तर आधी त्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप खातं डिलीट करा, मगच सिम सोडा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि तुमच्या विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये तो अजून तुमच्याच नावाने साठवलेला असतो.